बुजवलेली भोकं

आमच्या कारखान्यात ऑक्सिजनच्या गोळ्याला आधी चार भोकं पाडायची आणि मग त्यातली दोन बुजवायची, ही बत्तीस वर्षांची पद्धत. ऐकणाऱ्याला वाटेल, काय वेड्यांचा बाजार आहे! दोनच हवीत तर दोनच पाडा की. पण भोकं पाडायचा साचा आमच्याकडे एकच, आणि तो चार भोकांचा. लाकडी गोळा त्यात बसवायचा, साचा फिरवत फिरवत ड्रिल चार वेळा खाली ओढायचं, की चारही भोकं एकमेकांपासून सारख्या अंतरावर पडणार. कार्बनला चारही लागतात. नायट्रोजनला तीन पुरतात, ऑक्सिजनला दोन. उरलेल्या भोकांत भुसा नि सरस कालवून भरायचा, वाळला की पॉलिश पेपर मारायचा आणि वरून रंग. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात रेणूंची जी लाकडी मॉडेल्स धूळ खात पडलेली असतात ना, काळे, निळे, लाल गोळे नि मध्ये काड्या, ती आमच्याकडची.

भोकं पाडायचं नि बुजवायचं काम माझं. बावीस वर्षं मी भोकं बुजवतेय.

शाळा संपली तेव्हा बाबांचा जुना कारागीर काम सोडून गेला. बाबा म्हणाले, "चार महिने ये गं मदतीला, दुसरा माणूस मिळेपर्यंत." ते चार महिने अजून संपलेत कुठे. रसायनात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते. हे मी आत्ता सांगितलं म्हणून तुम्हाला कळलं, आमच्या घरात कुणाच्या लक्षातसुद्धा नसेल.

धाकटीचं सगळ्यांच्या लक्षात आहे. धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून सात वर्षांनी लहान. ती शिकली, पुढे शिकली, आणखी पुढे शिकली आणि आता कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. बाबा तिला मास्तरीण म्हणतात. मला मोठी म्हणतात. मास्तरीण ही पदवी झाली, मोठी हा नुसता नंबर.

खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, पोटात दुखेपर्यंत. ती दारात आली की बाबा लेथ बंद करतात. माझ्यासाठी त्यांनी लेथ एकदाच बंद केलं होतं, माझी ओढणी त्यात अडकली होती तेव्हा.

आणि बाबांचा स्वभाव म्हणजे महासंशयी. रंगारीकाका पंधरा वर्षं आमच्याकडे आहेत, पण त्यांनी रंगवलेला एकेक गोळा बाबा खिडकीच्या उजेडात धरून फिरवून बघतात. लाकूडवाल्याची फळी ठोकून बघतात. धाकटीची प्रगतिपुस्तकं तर चष्मा पुसून, ओळीवर बोट ठेवून वाचायचे, आणि शेवटी मान हलवून म्हणायचे, "बरोबर आहे." माझा गोळा मात्र सरळ पेटीत. न बघता! खिळ्याला पितळी कोनमापक टांगलेलं आहे, ते सगळ्यांच्या कामाला लागतं, माझ्या कामाला कधी लागलं नाही. कौतुक राहू द्या हो, माणूस निदान नजर तरी टाकतो.

दहाएक वर्षांपूर्वी मी बाबांना विचारलं होतं. धाकटीची जुनी पुस्तकं रद्दीत जायची, ती मी ठेवून घ्यायचे आणि दुपारी रंग वाळेपर्यंत वाचायचे. त्यात पाण्याच्या रेणूचं चित्र होतं. मी म्हटलं, "बाबा, ऑक्सिजनची उरलेली दोन भोकं बुजवायची कशाला? तिथे काहीतरी असतं ना?"

बाबा म्हणाले, "गिऱ्हाईकाला रिकामी भोकं चालत नाहीत. बुजव."

मी बुजवली.

आणि तीन महिन्यांपूर्वी एका रविवारी धाकटी आली, लेथ बंद झालं, चहा झाला, आणि पेटीतला एक कच्चा गोळा उचलून बोटांत फिरवत ती म्हणाली, "बाबा, ही भोकं बुजवता कशाला?"

मी ड्रिलपाशी होते. माझा हात तिथेच थांबला.

"का गं?" बाबा लगेच पुढे सरकून बसले.

"अहो, पाण्यात ऑक्सिजनभोवती इलेक्ट्रॉनच्या चार जोड्या असतात. दोन जोड्यांनी हायड्रोजन धरलेले असतात. उरलेल्या दोन एकाकी जोड्या, त्यांनी कुणालाच धरलेलं नसतं. पण त्या असतात! जागा अडवून बसतात. चारही जोड्या धरून मांडणी बघितली की ती भूमिती, चार टोकांची, चतुष्फलकीय. आणि नुसते अणू कुठे कुठे आहेत ते बघितलं की तो आकार, वाकडा. पोरं दर वर्षी यात गोंधळ घालतात, दोन्हीकडे एकच उत्तर ठोकून देतात. मी ओरडून ओरडून दमते. आणि तुमच्या गोळ्यात भूमिती आयती आहे, तुम्ही ती भुशानं भरून टाकता!"

बाबांनी कपाळावर हात मारला. "बत्तीस वर्षं! बत्तीस वर्षं मी बुजवतोय आणि एकानं सांगू नये मला!"

"एकीनं सांगितलं होतं," मी म्हटलं. पण तेवढ्यात माझ्याच हातानं ड्रिल चालू झालं होतं, त्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार.

याला म्हणतात कानामागून आली आणि तिखट झाली.

मग कारखान्यात लगीनघाई सुरू झाली. धाकटीच्या कानावर आलं होतं की शाळांसाठी साहित्य निवडणारी एक समिती आहे, तिला नवीन संच हवेत. पसंत पडला तर शेकडो शाळांत जाणार. बाबांचा हात दोन वर्षांपासून कापतो, शेवटचं मोठं काम म्हणून त्यांनी हे जिवावर घेतलं. ठरलं असं की भोकं बुजवायची नाहीत, त्यात लाकडी भोवरे बसवायचे. म्हणजे एकाकी जोडी दाखवायला फिकट पिवळ्या रंगाचा, पोरांच्या भोवऱ्यासारखा फुगीर तुकडा. भोवरे खोचले की भूमिती दिसणार, उपटले की नुसता आकार. मानलं पाहिजे, कल्पना झकास होती. झकास होती म्हणूनच तर माझा तिळपापड झाला.

"ताई, आणखी एक," धाकटी म्हणाली. "एकाकी जोडी बाकीच्यांना जरा जास्त ढकलते. म्हणून अमोनियात कोन एकशे सात अंश होतो, पाण्यात एकशे साडेचार. साचा थोडा बदलावा लागेल. पाचच अंशांचा फरक आहे. जमेल तुला?"

जमेल तुला! बावीस वर्षं ड्रिल ओढणाऱ्या बाईला!

"बघते," मी म्हटलं.

चार दिवस मी पितळेची पट्टी कानस मारून घासत होते. अकरा गोळे वाया गेले. बारावा गोळा साच्यातून सुटून हातात आला, तेव्हा मी स्वतःच कोनमापक लावलं, एकशे साडेचार. केसाचाही फरक नाही. मी तो बाबांच्या टेबलावर ठेवला. ते धाकटीशी फोनवर बोलत होते. बोलता बोलता त्यांनी गोळा उचलला आणि पेटीत टाकला.

बघितलासुद्धा नाही.

त्याच आठवड्यात बाबांनी मला नव्या संचाच्या पेटीचं झाकण दाखवलं. छान गुळगुळीत, वार्निश केलेलं. "इथे खाली मास्तरणीचं नाव घालायचं. संकल्पना म्हणून. अक्षरं तू काप, तुझा हात चांगला आहे."

"एकटीचंच?"

"मग आणखी कुणाचं?" बाबांनी खरंच विचारलं. खोचून नव्हे. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. त्याचाच जास्त राग आला मला.

मी पत्र्यात तिच्या नावाची अक्षरं कापली. एकेक वळण सुबक. मला काय हवं होतं ते सरळच सांगते. त्या झाकणावर माझं नाव हवं होतं. आणि बाबांनी एकदा, फक्त एकदा, माझं काम डोळ्यांनी बघून म्हणायला हवं होतं की मोठीलाही कळतं.

शेवटचं काम उरलं कार्डांचं. प्रत्येक रेणूबरोबर एक छापील कार्ड. त्यावर तीन ओळी, नाव, भूमिती आणि आकार. यादी धाकटीनं स्वतःच्या हातानं लिहून आणली. तिच्या कॉलेजात परीक्षा चालू होत्या, पेपरांचे गठ्ठे घेऊनच आली होती, डोळ्यांखाली काळं झालेलं. उभ्या उभ्या यादी माझ्या हातात दिली. "ताई, कार्डं तूच बघशील ना? मला वेळच नाही गं. आणि तुझ्या हातून कुठे चूक होते?" गालाला हात लावून गेली.

दुपारी छपाईची चौकट तयार करताना मी यादी वाचली. मिथेन. भूमिती चतुष्फलकीय, आकार चतुष्फलकीय. बरोबर, तिथे एकही एकाकी जोडी नाही, दोन्ही एकच. त्याखाली अमोनिया. भूमिती चतुष्फलकीय, आकार चतुष्फलकीय.

मी पुन्हा वाचलं.

अमोनियाला एक एकाकी जोडी असते. भूमिती चतुष्फलकीयच, पण आकार पिरॅमिडसारखा. आमच्या कारखान्यात आम्ही त्याला तिपाईच म्हणतो, तीन पाय नि वर डोकं. रंगारीकाकांना विचारलं असतं तर त्यांनीही सांगितलं असतं. बाई वरची ओळच खाली उतरवून बसली होती! ज्या चुकीसाठी पोरांवर ओरडते, तीच चूक, स्वतःच्या वळणदार अक्षरात.

फोन हाताशी होता. एक फोन, दोन मिनिटं. "अगं वेडे, काय लिहिलंयस हे?" ती जीभ चावून हसली असती आणि विषय संपला असता.

मी फोन नाही केला. मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू! लाज वाटते, पण झाला होता. वाटलं, होऊ दे. समितीत कुणीतरी बोट ठेवेल, मास्तरणीचा चेहरा उतरेल, आणि बाबांना एकदा कळेल की त्यांची हुशार लेकही चुकते. मी चौकटीत जसंच्या तसं उतरवलं आणि बारा नमुना पेट्यांसाठी अमोनियाची बारा कार्डं छापली. यादी घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. उद्या कुणी माझ्यावर ढकललं तर दाखवायला असावी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

समितीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, हिरवं कापड, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. पलीकडे दोघं बसली होती. एक अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचे, चहाचा कप पुढ्यात. शेजारी जाड चष्म्याच्या एक बाई, कुठेशी मुख्य परीक्षक होत्या. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. हात कापू नये म्हणून पेटी छातीशी धरली होती.

धाकटीनं सुरुवात केली आणि काय बोलली पोरगी! पाणी हातात घेतलं, भोवरे खोचले, उपटले. भूमिती, आकार, भूमिती, आकार. अध्यक्षांनी तर तिच्या हातातून मॉडेल घेऊन स्वतःच भोवरा उपटून बघितला, लहान पोरासारखा. बाबांचा चेहरा असा उजळला होता की मला तिकडे बघवेना.

तेवढ्यात चष्मेवाल्या बाईंनी अमोनियाचं कार्ड उचललं.

"हे काय?" त्या म्हणाल्या. "अमोनियाचा आकार चतुष्फलकीय? ज्या गोंधळासाठी संच काढलात, तोच गोंधळ कार्डावर?"

आता, आता बघा.

धाकटीनं कार्ड घेतलं. वाचलं. तिच्या कपाळावर आठी पडली, पण आपण काय लिहिलं होतं ते तिला आठवत नव्हतं, हे मला स्पष्ट दिसलं. आणि ती तोंड उघडायच्या आत बाबाच बोलले.

"साहेब, कार्डं आमच्या मोठीनं केलीत. उतरवताना चुकली असेल. तिचा दोष नाही, तिचं काम लाकडाचं. तिला यातलं काय कळणार?"

असं काही होईल हे मी धरलंच नव्हतं. सगळा हिशोब केला होता, आणि हेच कसं सुचलं नाही? या घरात रसायनाची चूक झाली तर ती कुणाची असणार!

"नाही नाही, चूक माझी," धाकटी घाईघाईनं म्हणाली. "मी तपासायला हवी होती कार्डं. ताईची नजरचूक झाली असेल, तिच्यावर कामही किती होतं." आणि टेबलाखालून माझा हात दाबला. मला क्षमा करत होती ती! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

तरीही मी गप्प बसले असते. पण चष्मेवाल्या बाई माझ्याकडे वळल्या आणि लहान मुलाला समजावतात तशा सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "हे बघा ताई, भूमिती वेगळी आणि आकार वेगळा. लक्षात येतंय का तुमच्या?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी उठले. अमोनिया उचलला. "हा भोवरा आहे ना, ही एकाकी जोडी. हिला धरून मोजलं तर टोकं चार. ती भूमिती." मी भोवरा उपटून टेबलावर ठेवला. "आता अणूच बघा. वर नायट्रोजन, खाली तीन हायड्रोजन. तिपाई झाली. हा आकार. आणि भोवरा काढला म्हणून पाय पसरले का? नाही पसरले. कारण जोडी दिसत नसली तरी वरून दाबून बसलेली असते. मिथेनमध्ये एकशे साडेनऊ अंश, इथे एकशे सात. पाण्यात अशा दोन जोड्या, दाब जास्त, म्हणून एकशे साडेचार. हा साचा मी केलाय. विश्वास नसेल तर लावा कोनमापक."

अध्यक्षांचा कप ओठांपाशीच थांबला. बाबा तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे! बावीस वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं त्यांनी. मला वाटलं, बस. आता काही नको.

"छान," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. आवाजातला तो लाडिक सावकाशपणा गेला होता. "फारच छान. कॉलेजातली मुलंसुद्धा इतकं नीट सांगत नाहीत." मग त्यांनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "पण मग तुम्हाला एवढं माहीत असताना कार्डावर हे चुकीचं आलं कसं?"

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! 

बाबा माझ्याकडे बघत होते, अजून कौतुकानंच, त्यांच्या डोक्यात अजून काही शिरलं नव्हतं. धाकटीच्या डोक्यात मात्र शिरलं. तिचा हात माझ्या हातावरून अलगद निघून गेला. तरी तीच म्हणाली, हळूच, "नजरचूक ना, ताई?"

वाट काढून दिली होती तिनं. हो म्हटलं असतं तर सुटले असते. पण तिच्या उपकाराखाली सुटायचं? तेवढं माझ्याच्यानं होईना. बघा, एवढं होऊनही माझा हेवा जागच्या जागी.

मी पर्सच्या कप्प्यातून यादी काढली, घडी उलगडून हिरव्या कापडावर ठेवली.

"चूक तिची आहे," मी म्हटलं. "मला दिसली होती. मी तशीच छापली."

धाकटीनं स्वतःचं अक्षर वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. जो बघायला मी एवढा खटाटोप केला होता, तो चेहरा. मला बघवला नाही. बाबांनीही यादी ओढून घेतली, चष्मा पुसला आणि ओळीवर बोट ठेवून वाचली. मग कार्डावर बोट ठेवून वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि आता त्या नजरेत कौतुक नव्हतं.

अध्यक्ष खाकरले. भला माणूस होता. म्हणाले, "मॉडेल उत्तम आहे. घरचं काय ते घरी बघा. आठ दिवसांत कार्डं दुरुस्त करून आणा, मग ठरवू." 

बाहेर जिन्यात धाकटीनं मला थांबवलं. बाबा पेटी घेऊन पुढे उतरत होते.

"एक फोन केला असतास, ताई."

"हो."

"मग का नाही केलास?"

"तू चुकलेली मला बघायची होती," मी म्हटलं. आता लपवायचं काय राहिलं होतं?

ती कठड्याला टेकून उभी राहिली. डोळे भरले होते, पण रडली नाही. "मी रविवारी यायचे तेव्हा लेथ बंद करायचे बाबा, म्हणून जळतेस ना तू? अगं, पाहुणी आली की बंद करतात. तुझ्याशी चालू मशीनवर बोलायचे, खुणांनी. तुमची एकही खूण मला कधी कळली नाही." एवढं बोलून ती जिना उतरली आणि तिच्या बसच्या रांगेत गेली. आपलेच दात, आपलेच ओठ, दुखलं कुणाला म्हणून सांगायचं.

घरी येईपर्यंत बाबांनी पेटी माझ्या हातात दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळी कारखाना उघडला. जुनी कार्डं फाडली, नवीन चौकट केली. अमोनिया, आकार पिरॅमिडसारखा. मग ड्रिलपाशी बसून पाण्याचे गोळे घेतले. बाबा आले, खिडकीपाशी स्वतःच्या जागी बसले. बराच वेळ त्यांनी झाकणावरून हात फिरवला.

"तू विचारलं होतंस," ते म्हणाले. "भोकांचं. रात्री आठवलं मला. मला उत्तर येत नव्हतं गं. बापाला येत नाही, असं पोरीला कसं सांगायचं? म्हणून गिऱ्हाईकाचं नाव पुढे केलं."

मी ड्रिल बंद केलं.

"झाकणावर दोघींची नावं घाल. मास्तरणीनंच फोन करून सांगितलंय. मलाही पटतं." मग म्हणाले, "तुला सगळं कळतं, हे मला कळायला पाहिजे होतं."

जे हवं होतं ते सगळं एका सकाळीच पदरात पडलं होतं. नावही आणि तो शब्दही. हातातला गोळा पूर्ण झाला होता, तो मी नेहमीसारखा त्यांच्या टेबलावर ठेवला.

बाबांनी तो उचलला. पेटीकडे हात गेला आणि मध्येच थांबला.

मग ते उठले. खिळ्यावरचं कोनमापक काढलं. चष्मा पुसला. खिडकीच्या उजेडात गोळा धरून, कापत्या हातानं कोनमापक लावायला लागले. ते भोकाला नीट बसेना, घसरायचं, पुन्हा लावायचे. मी जागेवरून उठले नाही, मदत करायची माझी हिंमत झाली नाही. बावीस वर्षांत माझ्या हातचा गोळा त्यांनी कधी तपासला नव्हता. तो का तपासला नव्हता, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. रंगारीकाकांचा तपासायचे, लाकूडवाल्याची फळी तपासायचे, धाकटीच्या प्रगतिपुस्तकाची एकेक ओळ तपासायचे. अख्ख्या जगात एकाच माणसाचं काम ते न बघता पेटीत टाकायचे.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले.

मग त्यांनी गोळा पेटीत ठेवला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.